अण्णांना सगळी झाडे सारखी नव्हती

हे लिहायला बसलो आहे याबद्दल आधी क्षमा मागतो. गोविंदोजी अण्णांवर लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या खात्यातला नाही, आणि आजवर चार पाने सलग लिहिली ती फक्त परीक्षेच्या पेपरात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. छापून यावे असे वाक्य कसे असते हे मला नीटसे ठाऊक नाही. अण्णांना तरुणपणापासून ओळखणारी मोठी माणसे या बंगलोर शहरात आहेत. त्यांनी लिहावे आणि मी वाचावे, हेच रीतीला धरून झाले असते. पण गेल्या महिन्यात, मी गावाहून परत आल्यावर, अण्णांची शोकसभा झाली, तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. एकामागून एक वक्ते उठले आणि प्रत्येकाने फिरून फिरून एकच गोष्ट सांगितली… अण्णांचे सगळ्या झाडांवर सारखेच प्रेम होते. कुठलेही झाड लावा, अण्णा खूश! उठून बोलावेसे वाटले, पण उठलो नाही. एवढ्या मोठ्या माणसांत मी काय बोलणार? आता मात्र गप्प राहवत नाही, कारण ते खोटे आहे. साफ खोटे आहे. अण्णांना सगळी झाडे सारखी नव्हती. ‘हे इथे नको, ते तिथे हवे’ एवढे सांगण्यासाठी ज्या माणसाने वरिष्ठांचे वैर पत्करले, त्याला गेल्यावर असे मऊ करून टाकायचे, हे मला सहन होत नाही.

अण्णा इथल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतके मिसळलेले की पहिले काही दिवस ती मला परकीच वाटली. ‘स्वल्प’ म्हणजे थोडे, ‘सरी’ म्हणजे बरे, हे तर मी पहिल्याच दिवशी शिकलो. बसवनगुडीत त्यांचे घर होते आणि ते बागायत खात्यात अधिकारी होते. आमच्या गावच्या मास्तरांची त्यांच्याशी कधीची तरी ओळख होती. तेवढ्या आधारावर मी पत्र्याची ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आमचे गाव कारवारच्या खाली, समुद्राला लागून. राज्यांची नवी रचना झाली तेव्हा आमचा किनारा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात आला, आणि तेव्हापासून शाळेला फळा हवा असो की धक्क्याची दुरुस्ती, प्रत्येक गोष्टीचा कागद घाट चढून बंगलोरला येऊ लागला. मीही त्या कागदांसारखाच घाट चढून आलो होतो.

दारातच अण्णांनी विचारले, “कारवारकडचा ना तू? मे महिन्यात तुमच्या विहिरीचं पाणी कसं लागतं?”

मी ट्रंक खाली ठेवायलाच विसरलो. म्हणालो, “मचूळ लागतं.”

“मचूळ की खारट?”

“अय्यो, त्याला आत तर येऊ द्या!” आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. “पोरगं रात्रभर बसून आलंय. आधी कॉफी, मग विहीर.”

“कॉफी होईपर्यंत सांगेल की तो. बरं, तुमच्याकडं समुद्राच्या अगदी तोंडाशी कुठलं झाड असतं?”

तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा मी म्हणालो, “नारळ.”

“नारळ माणसानं लावला. कुणी न लावता काय उभं आहे?”

मी आठवू लागलो. आमच्या देवळामागे, जिथे भरतीचे पाणी येऊन थडकते, तिथे एक वाकडेतिकडे पसरलेले झाड होते. जाड चकचकीत पाने, सुवासिक पांढरी फुले. त्याच्या बियांचे तेल आमचे लोक होड्यांना लावत. “उंडी,” मी हळूच म्हणालो.

अण्णांनी आत वळून हाक मारली, “ऐकलंस का, कॉफी जरा मोठ्या लोट्यातून आण. पोरगा पास झाला!” त्या दिवसापासून ते मला ‘कारवार’ म्हणू लागले. दामोदर हे माझे नाव त्या घरात कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

रविवारी सकाळी लोक त्यांच्याकडे रोपे मागायला येत. अण्णांची अट अशी, की रोप हवे असेल तर आधी जागेची माती रुमालात बांधून आणायची. मग ती माती हातावर चोळायची, वास घ्यायचा, पाण्याचे दोन थेंब टाकून गोळा वळतो का बघायचा. पावसात पाणी कुठे थांबते, वारा कुठल्या अंगाने येतो, शेजारी भिंत आहे की गटार, हे सगळे विचारायचे. आणि इतके करून पुष्कळदा ‘नाही’ म्हणायचे. एकदा नवा बंगला बांधलेले एक गृहस्थ कॅलेंडरवरचे गुलमोहराचे चित्रच घेऊन आले. फाटकापाशी हेच झाड हवे म्हणाले.

“फाटकाला शोभेल,” अण्णा म्हणाले. “पण तुमच्या भिंतीला विचारलंत का?”

“भिंतीला काय विचारायचं?”

“तिच्या पायाखाली शिरणार आहे ते. तिची हरकत आहे का बघा.”

गृहस्थ चित्राची गुंडाळी करून तरातरा निघून गेले. अक्का ओसरीवर येऊन म्हणाल्या, “आज सगळेच पळवलेत, की एखाद्याला हो पण म्हणालात?”

“म्हणालो की. मागच्या गल्लीतल्या आजींना करंजाचं रोप दिलं.”

“करंज? तो तर रस्त्यावर पडलेला मिळतो!”

“म्हणून तर दिला. रस्त्यावर जगतो तो आजींच्या दारातही जगेल.”

सांगायचे हे, की अण्णांना गुलमोहराचा राग नव्हता. बंगलोरच्या रुंद रस्त्यांवर गुलमोहर फुलला की ते सायकलवरून उतरून बघत उभे राहत. त्यांचा राग होता तो जागा न बघता झाड ठरवणाऱ्या माणसांवर. आणि अशी माणसे त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच वर, गुबगुबीत खुर्च्यांवर बसलेली होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या गावची घरांची पहिली रांग समुद्राने नेली. आमचे घर त्याच रांगेत होते. सुदैवाने माणसे वाचली. सरकारने मागच्या बाजूला, वाळूच्या उघड्या मैदानावर नवी वसाहत बांधून द्यायचे ठरवले. मैदान म्हणजे अगदी तव्यासारखे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये एक झुडूप नाही. पावसाळ्यातला वारा तिथे दाराला लागला की दार उघडत नाही, आणि वाळू तर भाताच्या ताटात येते. तिथे वाऱ्याला अडवायला झाडे लावणे भागच होते. ती कुठली लावायची हे ठरवायचे काम बंगलोरच्या कचेरीत आले आणि अण्णांच्या टेबलावर पडले. मला वाटले, आता आपल्या गावाचे नशीब उघडले!

अण्णांनी ते टेबलावर बसून ठरवले नाही. मे महिन्यात ते स्वतः माझ्याबरोबर आले. हुबळीपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. घाट उतरताना त्यांना तीनदा ओकारी झाली, पण प्रत्येक वळणावर ते खिडकीबाहेर बघून झाडांची नावे घेत होते. आमच्याकडे उतरल्यावर त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेने चालायला लागले. जिथे जुनी उंडी असेल तिथे थांबायचे, खाली बसायचे, मूळ कुठपर्यंत गेले आहे ते हाताने वाळू उकरून बघायचे. खाडीच्या काठाला भेंडीचे झाड दिसले… भाजीची भेंडी नव्हे, पिवळी फुले येऊन संध्याकाळी ती तांबडी होतात ते झाड… तेव्हा ते लहान मुलासारखे ओरडले. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गावातले लोक जमले. अण्णांनी काठीने वाळूत रेघा ओढल्या. समुद्राकडून पहिली उंडी, खाडीच्या बाजूला भेंडी आणि केवडा, त्यांच्या आडोशाला करंज, आणि अगदी आत, घरांच्या मागे, बकुळ आणि रातांबा. “पुढच्यांनी वारा खायचा, मागच्यांनी फळ द्यायचं,” ते म्हणाले.

आमच्या लोकांना ते काही फारसे पटले नाही, हेही सांगायला हवे. माझे बाबा आयुष्यभर होडीवर. ते म्हणाले, “साहेबा, उंडी काय लावायची असते? ती आपोआप येते.”

“येत होती. आता कुठं आहे?”

“होड्यांना डोलकाठ्या लागल्या, तोडली.”

“मग आपोआप आली का परत?”

बाबा हसले. मास्तरांना मात्र गुलमोहर हवा होता. शाळेपुढे लाल फुले पडलेली किती छान दिसतील, असे ते म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. “मास्तर, शाळा आधी उभी राहू दे. छपरावर कौलं राहिली की मग फुलांचं बघू.” सगळे हसले, मास्तरही हसले, आणि ठरले. कुणीतरी विचारले, मग सुरूचे झाड का नको, ते भराभर वाढते. अण्णा म्हणाले, सुरू पाहुणा आहे, वारा अडवील, पण त्याच्या खाली बाकी कुणाला उगवू देणार नाही. घरच्यांना आधी बसू द्या, मग पाहुण्याला पाट मांडा. आमच्या किनाऱ्यावर अण्णांइतका विचार करून बोललेला सरकारी माणूस मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि मग जे झाले ते आठवले की अजून राग येतो.

खात्याची एक पद्धत होती. राज्यात कुठेही झाड लावायचे असो, त्याची रोपे आधी बंगलोरच्या रोपवाटिकेत वाढवून बघायची, आणि जे रोप तिथे जोमाने वाढेल तेच ‘योग्य’ म्हणून लिहायचे. जुन्या म्हैसूर राज्याला समुद्रच नव्हता, तेव्हा ही पद्धत ठीक असेल. आता किनारा आला, पण पद्धत तीच राहिली! समुद्रापासून एवढ्या उंचावर, थंड हवेत, तांबड्या मातीत, गोड पाण्यावर उंडीची परीक्षा. एका वाफ्यात उंडी, शेजारच्या वाफ्यात गुलमोहर. पाऊस संपेतो गुलमोहर माझ्या छातीला लागला, आणि उंडी आपली चार जाड पाने घेऊन जिथल्या तिथे बसलेली. मोठे साहेब पाहणीला आले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. पुढचे अण्णांनी घरी येऊन सांगितले.

साहेब म्हणाले, “गोविंदोजी, ही तुमची झाडं बघा आणि ही बघा.”

अण्णा म्हणाले, “साहेब, तिकडं कुंपण घालायचंय. कुंपण पळत नाही म्हणून तुम्ही त्याला नापास करताय.”

साहेबांना हसू आले नाही. “मला आकडे दाखवा,” एवढे बोलून ते पुढच्या वाफ्याकडे गेले.

तेव्हा अण्णांनी घराच्या गच्चीवर आपली परीक्षा मांडली. मी सुट्टीत घरून वाळूची दोन पोती आणली. अण्णांनी कुंड्यांत ती वाळू भरली, निम्म्या कुंड्यांत उंडी लावली आणि निम्म्यांत गुलमोहर. रंगपंचमीची पितळी पिचकारी काढून रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. वारा कुठून आणायचा? तर एक जुना टेबलफॅन मिळवला. त्या काळी बसवनगुडीत फॅन कुणाला लागत नसे. शेजारीपाजारी विचारत, कुणी आजारी आहे का? “आजारी नाही हो,” अक्का कठड्यावरून सांगत, “आमच्याकडं माणसांना पंखा नाही, झाडांना आहे.” एकदा जेवताना अण्णा म्हणाले, आमटी अळणी झाली आहे. अक्कांनी वाढता वाढता सांगितले, “मीठ वरच्या पाहुण्यांनी खाल्लं. तुम्हीही पिचकारी घेऊन बसा.” आम्ही सगळे किती हसलो होतो…

पण परीक्षा खरी होती. हळूहळू गुलमोहराची पाने कडेने करपली, मग काड्याच उरल्या. उंडी तशीच. पानांवर मीठ पांढरे धरायचे, सकाळी ओल्या फडक्याने पुसले की खालून हिरवी चमक. अण्णांनी दोन्ही जातींची एकेक कुंडी जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, घालून कचेरीत नेली आणि साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी दोन्ही कुंड्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “हे खात्याच्या पद्धतीत बसत नाही. घरी केलेल्या गोष्टी कचेरीत आणू नका.” कुंड्या व्हरांड्यात ठेवल्या गेल्या. वसाहतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते, आणि फोटोत झाडे उंच दिसायला हवी होती, हे खरे कारण अण्णांना एका कारकुनाने जिन्यावर गाठून सांगितले. गुलमोहर ठरला. शिफारशीवर अण्णांची सही हवी होती. त्यांनी सही केली नाही, ‘ही झाडे तिथे जगणार नाहीत’ एवढेच लिहून कागद परत पाठवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची रवानगी शोभेच्या कुंड्यांच्या विभागात झाली. ज्याने आमच्या वाळूत रेघा ओढल्या होत्या, तो माणूस नोकरीची शेवटची वर्षे पुष्पप्रदर्शनात कुंड्यांना गेरू लावून घेत राहिला. शोकसभेत याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काढणार कसा? ज्यांनी त्यांना तिथे बसवले त्यांतले दोघे व्यासपीठावरच होते!

गुलमोहर आला, लागला, फोटो निघाले. पावसाळी वारा सुटला तशी ती झाडे वाळूतून उपटून आडवी झाली. बाबांनी आणि शेजाऱ्यांनी काथ्याच्या दोऱ्या बांधून त्यांना पुन्हा उभे केले. जी राहिली ती खाऱ्या वाऱ्याने करपली. पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा आमच्या बायका पिण्याच्या विहिरीतले मचूळ पाणी डोक्यावरून आणून त्या काड्यांना घालत होत्या. सरकारने दिलेले झाड मेले तर आपल्याला बोल लागेल, ही भीती. आणि बोल लागलाच. खात्याने लिहिले, ‘स्थानिक लोकांनी निगा राखली नाही.’ हे वाक्य मला अण्णांनीच दाखवले. मी वाचले आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबांचे दोरीने सोललेले तळवे आले. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, “कारवार, झाड चुकलं की माणसाला दोष देतात. म्हणून झाड चुकू द्यायचं नसतं रे.” त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मला कळले की त्यांना काय टोचत होते. आपला अपमान झाला याचे त्यांना एवढे नव्हते. आमची वसाहत उघडी राहिली आणि वर आमच्याच माथी खापर फुटले, हे त्यांच्याने गिळवत नव्हते.

ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून गच्ची पुन्हा भरू लागली. उंडीच्या बियांची कवचे कठीण असतात. ती अक्कांच्या अडकित्त्याने अलगद फोडायची, म्हणजे बी लवकर रुजते. सुपारी कातरायला अडकित्ता नाही म्हणून अक्का कुरकुरत, आणि नंतर स्वतःच फोडायला बसत. तुपाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सगळ्यांत उंडी. भेंडीच्या फांद्या आणि करंज तिकडेच मिळतील, पण उंडी तयारच न्यायची, असे अण्णांनी ठरवले होते. छातीत दुखायला लागले होते, जिना चढताना ते दोनदा बसत. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. यंदा सुट्टीच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या बेतात, रोपे घेऊन मी एकट्यानेच जायचे ठरले.

मला सोडायला मात्र ते आले. अंगात कोट, डोक्याला कानटोपी. टोपल्या टपावर चढवताना कंडक्टर वैतागला. “काय ओ, जंगल घेऊन चाललात?”

“जंगल नाही, भिंत घेऊन चाललाय तो,” अण्णा म्हणाले. “स्वल्प जपून चढवा.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी पुन्हा सगळे सांगितले. खड्डा खोल घे, खाली खाडीतला गाळ घाल, पानांवर मीठ दिसले तर घाबरू नकोस, पहिली दोन वर्षे काहीच वाढले नाही असे वाटेल. मी भीत भीत विचारले, “अण्णा, खात्याच्या जागेत लावतोय आपण. साहेबांना कळलं तर?”

“साहेबांना उंडी ओळखता आली तर मी त्यांचा सत्कार करीन.”

बस सुटली तेव्हा ते हात हलवत नव्हते, मान उंच करून टपावरच्या टोपल्या मोजत होते.

आम्ही ती रोपे लावली. अण्णांनी वाळूत ओढलेली रेघ आता कुठे असणार? पण बाबांना ती बरोबर ठाऊक होती. देवळाच्या कोपऱ्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत, समुद्राला छाती देऊन. मास्तर शाळेतली सगळी मुले घेऊन आले. पावसाला सुरुवात झाली, मग असा लागला की घाटात दरड कोसळली, बस बंद झाली आणि टपाल कुठेतरी वरच अडकले. माझे एम.ए.चे वर्ग उघडायची वेळ आली तरी मला निघता येईना. अण्णांना सांगण्यासारखे माझ्याजवळ रोज काहीतरी साठत होते. एवढ्या वाऱ्यात एकही रोप आडवे झाले नव्हते. काहींना तर कोवळी तांबूस पाने फुटली होती.

पावसाने उघडीप दिली आणि घाट मोकळा झाला, त्या पहिल्याच दिवशी खात्याची जीप आली. बंगलोरचे एक ओव्हरसियर आणि मोजणीची साखळी धरणारी दोन माणसे उतरली. त्यांनी आमच्या रोपांच्या रांगेतच तांबड्या खुंट्या ठोकायला सुरुवात केली. एक खुंटी उंडीच्या अगदी मुळाशी गेली. बाबा पुढे झाले, त्यांनी ती वाकून उपटली आणि त्या माणसाच्या हातात नीट परत दिली. कन्नड बाबांना येत नाही. ते आपल्या भाषेत म्हणाले, “इथं नको. मूळ दुखेल.” मग ते त्या रोपाजवळ तसेच उकिडवे बसले.

मी ओव्हरसियरना कन्नडमध्ये विचारले, काय चालले आहे. ते तरुण होते, चांगल्या स्वभावाचे होते. म्हणाले, “ही झुडपं काढावी लागतील. इथून गुलमोहराची रांग येणार. या वेळी प्रत्येकाला लोखंडी पिंजरा आहे, पडायची भीती नाही. मंजुरी मिळाली, पाटीसुद्धा रंगवायला दिलीय.”

“कसली पाटी?”

“रस्त्याच्या नावाची. आमच्या खात्यात गोविंदोजीराव म्हणून जुने अधिकारी होते, त्यांचं नाव देतोय.”

मला वाटले, माझे कन्नड चुकते आहे. मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच पुन्हा सांगितले. मी या लेखात कुणाला वाईट बोलू नये असे ठरवले होते, पण हे वाचणाऱ्यांत कुणाचे वरपर्यंत वजन असेल तर त्यांना हात जोडून सांगतो… त्या खुंट्या अजून तिथे आहेत, आमची रोपेही अजून तिथे आहेत, आणि पाटी अजून लागलेली नाही. गुलमोहर लावायचाच असेल तर तो तुमच्या नावाने लावा. अण्णांच्या नावाने लावू नका. जी झाडे तिथे जगणार नाहीत असे त्यांनी लिहून दिले, त्यांच्याच गळ्यात त्यांचे नाव अडकवू नका.

त्या दिवशी मी एवढे बोलू शकलो नाही. एवढेच म्हणालो, “अण्णांना हे मुळीच चालणार नाही. तुम्ही त्यांना विचारलंत का? मी दोन दिवसांत बंगलोरला जातोय, मी स्वतः त्यांना विचारतो.”

ओव्हरसियरनी हातातले साखळीचे टोक हळूच खाली ठेवले. “म्हणजे… तुम्हाला कुणी कळवलं नाही?” असे म्हणून ते जे बोलले ते मी ऐकले, आणि समुद्राचा आवाज एकदम फार मोठा झाल्यासारखा वाटला.

बाबा रोपाला हाताचा आडोसा करून तसेच बसले होते. त्यांनी मान वर करून मला विचारले, “काय रे, काय म्हणतो तो?”

“अण्णा गेले म्हणतो,” मी म्हणालो.